मामंजींच्या अंगात आलेली देवी

माझ्या तोंडावर देवीचे वण आहेत. लहानपणी मी आणि माझी धाकटी बहीण एकाच खोलीत देवीनं पडलो होतो. मी उठले, ती उठली नाही. त्यामुळं स्वतःची लेकरं झाल्यावर त्यांच्या देवी काढून, म्हणजे दंडावर लस टोचून आणायची, हे माझ्या मनानं पक्कं धरलं होतं. थोरली चुरूचुरू बोलायला लागली होती, धाकटा अजून अंगावर पीत होता.

आमचं गाव मुदखेडजवळचं. निजाम सरकारचा देवी काढणारा अधूनमधून चावडीवर येऊन बसे. तो आला की गावात औषधालाही लेकरू दिसत नसे. कुणाचं कडब्याच्या गंजीमागं, कुणाचं ज्वारीच्या कणगीत. तो पान खाऊन, पाटलाशी बोलून निघून जाई. माझ्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. त्यांनी घरात देवीचं ठाणं मांडलं होतं. "आईनं द्यायचं ते आई देईल. सरकारनं मधी कशाला बोट घालावं?" असं त्यांचं म्हणणं.

माझे मालक लातूरला कापसाच्या जिनात कामाला होते. म्हणून मी सासऱ्यांना, मामंजींना, विचारलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. मला वाटलं, झालं, विषय संपला. दुसऱ्या दिवशी जेवताना ते आत्याबाईंना म्हणाले, "नांदेडला जातो. मोटंला नाडा आणायचा हाय. सुनंला न् लेकरांला बी नेतो."

"नाड्याला एवढी माणसं?"

"लई लांब नाडा हाय," मामंजी म्हणाले आणि हात धुवायला उठले.

आगगाडीनं नांदेडला गेलो. सरकारी दवाखान्यात बायकांची रांग होती. देवी काढणारे गृहस्थ चष्मेवाले, वयस्कर, बोलायला गोड. दोन्ही लेकरं रडली, तेवढ्यात त्यांचं काम उरकलंही. मग त्यांनी मामंजींकडं पाहिलं.

"बडे मियाँ, तुम्ही कधी काढल्या?"

"न्हाई."

"मग बाही वर करा."

मामंजींनी मागं पाहिलं. सगळ्या बायका त्यांच्याकडंच बघत होत्या. त्यांनी बाही वर केली. थोरली डोळे पुसून म्हणाली, "आजा, रडू नको." नंतर आम्ही मोटेचा तो जाड दोर घेतला आणि घरी आलो.

लेकरांना थोडा ताप आला. दात येत असतील, असं आत्याबाई म्हणाल्या. थोरलीचे सगळे दात कधीच आले होते. मामंजींचा मात्र दंड सुजला आणि अंग असं तापलं की ते आडवेच झाले. आत्याबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावला आणि लगेच मागं सरकल्या. "आई आली," त्या म्हणाल्या.

दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला. देवी घरात असताना चालत नाही, म्हणून फोडणी बंद झाली. आत्याबाई रोज त्यांच्यापुढं हात जोडायच्या, "आई, काही चुकलं असंल तर पोटात घाल." मामंजी माझ्याकडं बघायचे, मी डहाळ्याकडं बघायची. आळीतल्या बायका पाया पडून जाऊ लागल्या. एकीनं तर लेकीच्या लग्नाचं कधी जमंल, म्हणून विचारलं. तेव्हा मामंजी उठून बसले.

"म्या देवी काढून आलोय," त्यांनी बाही वर करून दाखवली. "लेकरांच्या बी काढल्या."

आत्याबाईंनी डहाळा काढला आणि वरणाला लसणाची अशी फोडणी दिली की घरभर ठसका लागला. त्यानंतर कित्येक दिवस त्या आम्हा दोघांशी बोलल्या नाहीत.

त्याच उन्हाळ्यात गावात खरी देवी आली. समोरच्या घरातली दोन्ही लेकरं गेली. ती आमच्या अंगणात खेळायची. मग आत्याबाई पडल्या. माझी लेकरं त्याच घरात होती, त्यांना काही झालं नाही. आत्याबाईंजवळ जायला आळीतलं कुणी धजेना. मी जात असे, कारण मी त्यातून उठलेली होते. मामंजी दिवसभर उशाशी बसून लिंबाच्या पाल्यानं माशा वारायचे. रिवाजाप्रमाणं आजाऱ्याला नावानं हाक मारायची नसते, म्हणून तेही त्यांना "आई, पाणी घेता का?" असंच विचारायचे. हसू त्यांच्या तोंडावर एकदाही आलं नाही. एकदा मात्र पाल्याआड तोंड करून रडताना मी त्यांना पाहिलं.

आत्याबाई वाचल्या. एका डोळ्यात पांढरं फूल पडलं. पहिली आंघोळ झाल्यावर त्यांनी देवीला दहीभाताचा नैवेद्य दाखवला, अगदी मनापासून. मग मला म्हणाल्या, "लेकरं आण इकडं."

मी दोघांनाही पुढं बसवलं. आत्याबाईंनी त्यांचे दंड हातात घेतले, खपली पडलेल्या जागांवरून बोट फिरवलं.

"समोरचीला सांगाय पायजे हुतं तू," त्या म्हणाल्या.

"तिला सांगितलं होतं, आत्याबाई."

"मग?"

"ती म्हणाली, तुमच्या आत्याबाईंला विचारून सांगते."

त्यांनी लेकरांचे हात सोडले. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.