परातीतलं कासव

“जिवंत आहे? मग तर बेसच झालं. लोक पितळेचं विकत आणतात, तुमच्या घरी खरं चालून आलं!”

बैठकीतून आत्याचा आवाज आला तेव्हा मी स्वयंपाकघरात माझ्या कासवासाठी जास्वंदीची पानं बारीक करत होते. पाठोपाठ परात सरकवल्याचा आवाज आला, मग तांब्याने पाणी ओतल्याचा. माझा हात तिथेच थांबला.

आत्या नेपानगरहून बाबांना बघायला आली होती. त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं आणि जळगावच्या दवाखान्यातून ते नुकतेच घरी परतले होते. पलंगावरून उठून खिडकीपर्यंत गेले तरी त्यांना दम लागायचा. तो ऐकू आला की घरातलं बोलणं बंद व्हायचं. आत्याच्या घरी पितळेचं कासव आहे, ताटलीतल्या पाण्यात, उत्तरेकडे तोंड करून. त्याने घरातलं आजारपण निघून जातं, यावर तिचा पूर्ण विश्वास आहे.

माझं कासव तळहातावर मावेल एवढं होतं. शहर सोडून गेलेल्या एका मैत्रिणीने ते मला दिलं होतं. मी इंग्रजी शाळेत शिकले. तिथे मला दोन शब्द मिळाले, पाण्यातलं ते टर्टल, जमिनीवरचं ते टॉर्टस. घरात दोघांसाठी कासव हा एकच शब्द आहे आणि त्या शब्दासोबत पाणी येतंच. माझं जमिनीवरचं होतं. त्याला पोहता येत नव्हतं.

त्याच्यासाठी मी केळी भरायचा प्लास्टिकचा क्रेट घेतला होता. आमच्याकडे सगळीकडे केळीच्या बागा, त्यामुळे ते कुठेही मिळतात. पण जाळीतून बाहेरचं दिसायचं, म्हणून ते दिवसभर तिथेच नखं घासत राहायचं. मग चारी बाजूंनी पुठ्ठा लावला. तळाला माती आणि नारळाचा भुसा, एका कोपऱ्यात ऊब द्यायला बल्ब, दुसऱ्या कोपऱ्यात लपायला फुटक्या माठाचा तुकडा. पिण्यापुरतं पाणी एका झाकणात. सकाळी गच्चीवर ऊन, नाहीतर कवच मऊ पडतं. येणारा प्रत्येक जण त्याला केळ्याचा तुकडा द्यायचा आणि तो गेला की मी हळूच उचलून घ्यायचे. केळं त्याला चालत नाही, हे बुऱ्हाणपूरमध्ये कोणाला सांगणार?

थंडी वाढली तसा त्याच्या नाकाशी बुडबुडा दिसायला लागला. गुरांच्या डॉक्टरांकडे नेलं. “मैंने तो आज तक कछुआ देखा नहीं, बेटा,” ते हसून म्हणाले. मग इंदूरच्या एका मित्राला फोन लावून त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं. औषध दिलं आणि बजावलं, कोरडं ठेव, गरम ठेव. छातीत पाणी गेलं तर वाचणार नाही.

मी बैठकीच्या दारात आले. परात उत्तरेच्या भिंतीशी होती. कासवाच्या पाठीवर आत्याने कुंकू लावलं होतं. पाणी फार नव्हतं, पण त्याच्यासाठी पुष्कळ होतं. ते मान उंच ताणून पाय मारत होतं आणि गुळगुळीत परातीत घसरत होतं.

“बघ, कसं खेळतंय!” आत्या म्हणाली.

पलंगावर बाबांनी हात जोडले होते. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झाला होता. आई त्यांच्याकडेच बघत होती. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण त्या वेळी वाटलं, मी ते उचललं आणि उद्या बाबांना काही झालं तर? कोणी काही बोललं नसतं. मलाच वाटत राहिलं असतं.

“काय गं, दारात का उभी? ये, नमस्कार कर,” आत्या म्हणाली. मी हलले नाही. “एवढी इंग्लिश मीडियमला घातली पोरीला, आणि बोलायचे काय वेगळे पैसे पडतात का?”

आई हसली. बाबाही हसले आणि त्या हसण्याने त्यांना दम लागला. ते छातीवर हात ठेवून वाकले. खोलीत फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता. त्या शांततेत परातीतून दुसरा आवाज आला, अगदी बारीक, शिट्टीसारखा. कासवाचं तोंड उघडं होतं. नाकाशी बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. मान एकदा पाण्याला टेकली.

बाबांनी वर पाहिलं. त्यांनीही तो आवाज ऐकला असावा.

मी परातीपाशी खाली बसले, दोन्ही हात पाण्यात घातले आणि म्हणाले, “बाबा, तुमच्यासारखाच दम लागलाय त्याला. मी त्याला बाहेर काढतेय.”