सही न मोडलेल्या पट्टीखालची हळद

घरोघरी जाऊन जखमांची ड्रेसिंग करणं हे माझं काम. पेशंटने भुताखेताचं काही काढलं की मी सरळ म्हणते – आधी शुगर तपासू! तरीही आज हे लिहितेय...

तुर्भ्यात एक काका होते. मूळचे साताऱ्याकडचे, मार्केटमध्ये हमाली केलेले. शुगरमुळे तळपायाची जखम सात महिने भरत नव्हती. सर्जननी सांगितलेलं, हा शेवटचा प्रयत्न, नाहीतर पाय काढायचा. म्हणून जंतू मारणारं, सिल्व्हरवालं फोम ड्रेसिंग सुरू केलं. ते पाच दिवस उघडायचं नसतं. पण काकूंना चैन कुठलं! माझी पाठ वळली की पट्टी सोडायच्या, हळद भरायच्या, परत चिकटवायच्या. शेवटी मी मार्करने सही करायला लागले... अर्धी पट्टीवर, अर्धी कातडीवर. उचकटली की लगेच कळणार.

एकदा चिडून बोलले, "काकू, आता हात लावलात तर पाय तुमच्यामुळे जाईल."

"न्हाय लावत बाई," एवढंच म्हणाल्या. चार दिवसांनी हार्ट अटॅकने गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी ड्रेसिंग बदललं, सही केली. पाच दिवसांनी सकाळी अकराला परत गेले. सही जशीच्या तशी. पट्टी काढली – आत हळद! तीही कोरडी, पाझरणाऱ्या जखमेवर.

"आमी कोणी हात नाय लावला, सिस्टर," सून रडकुंडीला आली. "सुतक हाय, घरात हळद, फोडणी सगळं बंद हाय."

काका शांत होते. "तीच येती. दुपारचं पाय मांडीवर घेती."

असं आणखी तीनदा झालं. आणि जखम चक्क भरत होती! भीती वाटायची, पण आनंदही व्हायचा. मी म्हटलं, "काका, अजून दोन ड्रेसिंग, मग सुट्टी."

त्यांचा चेहराच उतरला. "बरा झालो तर ती कशाला यील?"

पुढच्या वेळी पट्टी फाडलेली होती. जखम त्यांनी स्वतःच उकरली होती. महिन्याभरात पाय काढावा लागला.

त्या चार पट्ट्यांखाली हळद कशी गेली, मला आजही सांगता येत नाही.

ऑपरेशननंतर भेटायला गेले, तर काका भिंतीकडे तोंड करून पडलेले.

"पायासंगं तीबी गेली, सिस्टर."