मिठाची पारख

हंसाबाईला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते शाळेच्या खिचडीच्या पंगतीत. उमरखेड तालुक्यातल्या एका तांड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत माझ्या नोकरीची शेवटची वर्षं चालू होती. मुलं ताटल्या घेऊन बसली होती. तेवढ्यात एक उंच, काटक म्हातारी स्टीलचा डबा घेऊन पंगतीतून वाट काढत आली. दुसरीतल्या खुशीपुढची ताटली तिनं उचलली, शेजारच्या मुलाच्या ताटलीत पालथी केली आणि नातीसमोर आपला डबा उघडून ठेवला. डब्यात ज्वारीच्या कण्या होत्या. हळद नाही, तेल नाही, पांढऱ्याफटक.

"शाळेची खिचडी काहून नाही चालत हिला?" मी विचारलं.

"मीठ असते त्याच्यात."

"मग?"

"म्याडम, हिच्या आंगात आंदीच मीठ लय हाय. मुका घेऊन पाहा."

मला वाटलं म्हातारी थट्टा करते आहे. पण खुशीनं सवयीनं गाल पुढे केला. मी वाकले आणि दचकले. बराच वेळ रडून न पुसलेला गाल जसा लागतो तसा तो लागला. मूल तर रडलेलं नव्हतं.

"पटलं?" हंसाबाई म्हणाली. "आमच्या वाडवडलाइनं बैलाच्या पाठीवर मीठ वाह्यलं. मिठाची पारख आमाले कोणी शिकवू नये."

ते खरं होतं. त्यांचे पूर्वज धान्याच्या आणि मिठाच्या गोण्या घेऊन मुलूख हिंडायचे. आता सगळ्यांची शेती होती, कापूस-तूर होती, पण त्या हिंडण्याचा अभिमान हंसाबाईच्या चालण्यात दिसायचा. लग्नाच्या स्वयंपाकात मीठ घालायला तिलाच बोलवायचे. शिवाय ती तांड्याची वैद्य. दारात अडुळशाचं झुडूप होतं. कोणाचं मूल खोकलं की ती पानं खुडायची, ज्येष्ठमध घालून काढा उकळायची आणि पाजून झाल्यावर आईला दोन शब्द सुनवायची. तिचा नवरा पूनमसिंग बाजेवरून म्हणायचा, "आमची बुडी सर्‍या तांड्याची डाक्टर हाय. औषध फुकट देते, पण बोलणं आयकावं लागते."

खुशीचा खोकला मात्र त्या काढ्याला कधी दबला नाही. कोणी डॉक्टर निमोनिया म्हणाला होता, कोणी टीबीच्या गोळ्या देऊन पाहिल्या होत्या. पोर भुकेली असायची, भरपूर खायची आणि तरी हातपाय काडीसारखे. शौचाला तेलकट व्हायचं, म्हणून हंसाबाईनं तेल-तूप बंद केलं. घाम खारा, म्हणून मीठ बंद केलं. तिचा हिशोब सरळ होता: शरीर जे बाहेर टाकतं ते त्याला नको असतं.

खुशीचे आईवडील, म्हणजे हंसाबाईचा मुलगा सुनील आणि सून संगीता, दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे ते उन्हाळा लागल्यावर परतायचे. तोवर पोरगी आजीच्याच हातात. ती आजीलाच याडी म्हणायची. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई.

पुढच्या एप्रिलमध्ये सकाळची शाळा सुरू झाली. मुलं चित्रं काढत होती. खुशीनं वहीवर डोकं टेकलं, ते उचललंच नाही. मी हाक मारली, हलवलं. डोळे उघडे, पण नजर माझ्यावर ठरेना. तिच्या कानशिलावर घाम वाळून मिठाची पांढरी कड धरली होती. इतक्या वर्षांच्या नोकरीत मुलं पडलेली पाहिली, चक्कर आलेली पाहिली. लहान मुलाच्या कातडीवर मीठ फुललेलं कधी पाहिलं नव्हतं.

जीपनं उमरखेड, तिथून ॲम्ब्युलन्सनं यवतमाळ. हंसाबाईनं वाटभर तिचं डोकं मांडीवर धरलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं, छाती ऐकली, वजन पाहिलं आणि विचारलं, "आजी, हिचा घाम खारट लागतो का?"

हंसाबाईचा चेहरा उजळला. माझ्याकडे वळून म्हणाली, "पाहा! म्या कवापासून हेच सांगून राह्यली!"

"मग मीठ वाढवून देत होतात ना?"

"वाढवून? म्या तं बंदच केलं. दोन सालापासून. थेंब तेल नाही, चिमूट मीठ नाही."

डॉक्टरीणबाईंनी सलाईनच्या बाटलीकडे पाहिलं. मग त्यांनी स्टूल ओढलं आणि हंसाबाईच्या समोर बसल्या.

नागपूरला घामाची तपासणी झाल्यावर आजाराचं नाव कळलं, सिस्टिक फायब्रोसिस. पण डॉक्टरीणबाईंनी सगळं त्या दिवशीच उलगडून सांगितलं होतं. या मुलांच्या अंगातलं मीठ घामावाटे वाहून जातं, आपल्या भागातल्या उन्हात तर फारच. छातीतला कफ चिकट होऊन बसतो. अन्न पचवणारा रस पोटात पोचत नाही, म्हणून खाल्लेलं तूप तसंच बाहेर पडतं. उपाय तूप बंद करणं नव्हे. जेवणाबरोबर पाचक कॅप्सूल द्यायची आणि इतर मुलांपेक्षा जास्त तूप, जास्त दाणे, जास्त मीठ द्यायचं.

"अन् अडुळसा?" हंसाबाईनं हळूच विचारलं.

"हा कफ त्यानं सुटत नाही, आजी. वाफ द्यायची, पाठीवर थापट्या मारायच्या. बाकी काहीही पाजायचं तर आधी मला विचारा. औषधांशी जमायला पाहिजे."

हंसाबाई मान डोलवत होती. एकदम थांबली.

"बाई, हिच्या आंदी एक नातू होता, हिचाच मोठा भाऊ. राजदीप. त्याचं बी आंग खारं होतं. त्याचं बी म्या... चैतातच गेला तो. दुपारी."

मला राजदीप माहीत नव्हता. तांड्यावर कोणी त्याचं नाव काढत नसे.

"तोही याच आजारानं गेला का, ते आता सांगता नाही येणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा आजार आईबापांकडून जन्मासोबत येतो. तुम्ही दिलेला नाही."

हंसाबाईनं त्यातलं काही ऐकलं असं मला वाटलं नाही.

घरी आल्यावर तिनं चुलीला हात लावला नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा नातीला दिला नाही. ओट्यावर बसून राहायची. बाया औषधाला आल्या तर हातानंच जा म्हणायची. संगीता ऊसतोडीवरून परतली होती. ती तूप लावून भाकर करायची, कॅप्सूल द्यायची, पण पोरगी दोन घास खाऊन ताट सरकवायची. तिला आजीच्या हाताची सवय. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, वजन वाढलं नाही तर फुप्फुसं टिकायची नाहीत. आणि वजन आणखी उतरलं.

मी गेले तेव्हा संगीता रडकुंडीला आली होती. "म्याडम, तुमीच सांगा मायले. माह्या हातचं खात नाही पोट्टी."

मी सांगितलं. पूनमसिंगनं सांगितलं. हंसाबाई एवढंच म्हणाली, "ह्या जिबीनं माह्या नातवाले खाल्लं. आता नोका सांगू मले रांधाले."

खुशी ऐकत होती. ती आपलं ताट घेऊन ओट्यावर गेली, आजीला खेटून बसली. वरण-भाताचा घास करून तिनं तो आजीच्या तोंडाशी नेला. "याडी, मीठ चाखून पाह्य."

हंसाबाईनं तोंड फिरवलं.

"म्या तुह्या हातचं अळणी दोन सालं खाल्लं," पोरगी म्हणाली. "तू एक घास नाही खात?"

पूनमसिंग बाजेवर उठून बसला. संगीतानं तोंडाला पदर लावला. हंसाबाईनं नातीकडे पाहिलं, तोंड उघडलं. घास बराच वेळ घोळवला. डोळ्यांतून पाणी गालांवर, गालांवरून ओठांवर येत होतं, तेही त्या घासात गेलं असेल.

"कमी हाय," ती म्हणाली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत मिठाच्या बरणीकडे गेली.

तेव्हापासून चूल पुन्हा तिची झाली. जवसाची चटणी, शेंगदाण्याचा कूट, अंडी, तुपात भिजलेली भाकर, उन्हाळ्यात मीठ घातलेलं ताक. कॅप्सूल घेतल्याशिवाय पहिला घास नाही. खुशी आता सहावीत आहे. खोकला आहे, दवाखाना आहे, गेल्या पावसाळ्यात दोन आठवडे भरती होती. पण तिला फ्रॉक आखूड होतात.

अडुळसा दारात आहे. लांबलेला खोकला घेऊन कोणी आलं की हंसाबाई आधी यवतमाळला पाठवते. आणि तांड्यावर कोणाकडे बाळ झालं की पाचवीला ती जाते, बाळाच्या कपाळाचा मुका घेते आणि जीभ ओठांवरून फिरवते. अजून कोणाचं कपाळ तिला खारं लागलेलं नाही.