चौथं शील

माझी जीभ फार तिखट होती. बायको असो, भाऊ असो, कुणालाच सोडायचो नाही. दुष्काळातल्या वैशाखी पौर्णिमेला मी वस्तीच्या विहारात सगळ्यांसमोर बोललो, की पंचशीलातलं चौथं शील आजपासून पक्कं पाळीन. खोटं बोलणार नाही, आणि कुणाला लागेल असंही बोलणार नाही.

आमच्या वस्तीची विहीर आटली होती. पाणी उरलं होतं ते गावातल्या एका बागायतदाराच्या मळ्यात. त्याच आठवड्यात मी आणि बायको तिथं गेलो. त्यानं आधी गावातल्या बाकी सगळ्यांना भरू दिलं. मग आमच्या घागरीत वरून, अंतर राखून धार सोडली. अर्ध्यावर थांबला आणि माझ्या बायकोला जे बोलला, ते मला आजही लिहवत नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी श्वास सांभाळला, हात जोडले आणि निघालो. वाटेत, खरं सांगतो, मला माझा अभिमान वाटत होता.

घरी आल्यावर तिनं घागर उतरवली.

“शिव्या द्या म्हणत नव्हते मी,” ती म्हणाली. “असं बोलू नका, एवढंच त्याला म्हणायचं व्हतं. ते बी शीलात बसत न्हाई का?”

पुढं ती पाण्याला एकटीच जायची.

ती वारेपर्यंत आम्ही रोज शेजारी बसून पंचशील म्हटलं. चौथं आलं की ती गप्प व्हायची. तेवढं मी एकटाच म्हणायचो.