अभनपूरसाठी ठेवलेला जुना कॉम्प्युटर

नवं राज्य झालं आणि तेलीबांध्याच्या आमच्या ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले. फाइली पाठवायचं सॉफ्टवेअरही नवं आलं. अभनपूरच्या शाखेत मात्र जुनंच होतं, आणि जुन्यानं पाठवलेली फाइल नवं काही केल्या घेईना. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "काम चल रहा है ना? चलने दो."

म्हणून एक जुना कॉम्प्युटर मी कोपऱ्यात चालू ठेवला. अभनपूरहून कालव्याच्या पाण्याचे आकडे त्यात यायचे. ते मी फ्लॉपीवर घ्यायचो आणि दोन पावलं चालून नव्यात टाकायचो. रोज. फ्लॉपी बिघडली की पुन्हा पहिल्यापासून. तिकडून आकडे पाठवणाऱ्या बाईंना कधी काही बोललो नाही. बिचाऱ्यांकडे जुनंच आहे, त्या तरी काय करणार.

तीन-चार वर्षांनी तो कॉम्प्युटर एकदाचा बंद पडला. मी अभनपूरला फोन लावला. म्हटलं, "ताई, तुम्हाला नवं सॉफ्टवेअर मिळेपर्यंत आता कागदच पाठवा."

"नवं तर आमच्याकडे केव्हाचंच आलं भाऊ," त्या म्हणाल्या. "पण तुमच्याकडे जुनंच चालून राहिलं, म्हणून एक जुनी मशीन ठेवली. रोज नव्यातलं फ्लॉपीवर घेऊन तिच्यात टाकत होती, अन् तिच्यातून तुम्हाले पाठवत होती. तुम्हाले काहून त्रास द्यायचा, म्हणून बोलली नाही."

मग त्यांनी नव्यातून फाइल पाठवली. ती अर्ध्या मिनिटात आली. मला त्या अर्ध्या मिनिटाचा राग आला.