स्लाऊच्या भूलकाकू

भूलकाकू समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे आधी बघत नसत, श्वासाकडे बघत. दार उघडलं की त्यांची नजर गळ्याच्या जराशी खाली थांबायची आणि मग वर यायची. "ये" म्हणायच्या आधी "धावत आलीस वाटतं" किंवा "आज कुणाशी तरी भांडलीस" असं ऐकायला मिळायचं, आणि बहुतेक वेळा ते खरं असायचं. उभं आयुष्य त्यांनी इंग्लंडमधल्या हॉस्पिटलांत लोकांना भूल देण्यात घालवलं. लंडनजवळच्या स्लाऊ गावातल्या मराठी मंडळाच्या मुलांनी त्यांचं खरं नाव कधी विचारलंच नाही. मंडळात डॉक्टरकाकू पुष्कळ होत्या, भूलकाकू एकच.

मी त्यांच्या घरी वरच्या खोलीत राहायचे. नाशिकहून वर्क परमिटवर आलेली, ट्रेडिंग इस्टेट या उद्योगवसाहतीजवळच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. पहिल्याच आठवड्यात काकू म्हणाल्या, "उद्या मी दिवसभर थिएटरला आहे, जेवणाचं तुझं तू बघ." मला वाटलं, बाईंना नाटकाचा केवढा नाद! आठवड्यातून दोनदा थिएटर, तेही सकाळी सातला घर सोडून. बरेच दिवस मी त्याच समजुतीत होते. शेवटी एकदा न राहवून विचारलं, "काकू, आज कुठलं नाटक होतं?" त्या हातातली पिशवी तशीच घेऊन खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अगं, ऑपरेशन थिएटरला इथे नुसतं थिएटर म्हणतात. आणि आमच्या नाटकात प्रेक्षक झोपला तरच प्रयोग रंगला म्हणायचं."

त्यांच्या कामाचं कौतुक त्यांनी कुणाकडून कधी ऐकलं नव्हतं आणि त्याची त्यांना खंतही नव्हती. सर्जनला लोक केक आणून देत, नर्सना फुलं देत. सुपरमार्केटात काकूंच्या शेजारून त्यांचेच पेशंट ट्रॉली ढकलत निघून जात. "याचा हात मी तासभर धरून बसले होते," त्या मला हळूच सांगायच्या, "बघ, ढुंकूनही बघत नाहीये. छान लागली होती भूल."

काका जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्यांच्या मागे काकूंनी दोन गोष्टी नेटाने चालू ठेवल्या होत्या. एक हॉस्पिटलमधले ते दोन दिवस, आणि दुसरी अ‍ॅलॉटमेंट, म्हणजे कौन्सिलने भाड्याने दिलेला जमिनीचा तुकडा. तिथे त्या मेथी, कोथिंबीर आणि काकांच्या आवडीचे बीट लावत. शेजारच्या तुकड्यावर एक म्हातारे सरदारजी होते. त्यांची आणि काकूंची मेथीवरून जुनी चुरस. थर्मासमधला चहा पिता पिता दोघं एकमेकांच्या वाफ्यांना नावं ठेवायचे. लंडनची माणसं स्लाऊची चेष्टा करायची, ते मात्र काकूंना खपत नसे. "ज्यांना इथे राहता आलं नाही, ती बोलतात," म्हणायच्या.

त्यांचा एकुलता एक मुलगा निखिल सिडनीत होता. दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा आणि विषय ठरलेला असायचा: घर विक आणि इकडे ये. काकू फोन ठेवून माझ्याकडे वळायच्या. "मी काय पार्सल आहे, पत्ता बदलला की तिकडे पोचायला?" पण त्यांना टोचायचं ते वेगळंच होतं. एकदा बीट चिरता चिरता बोलून गेल्या, "सगळं आयुष्य मी दुसऱ्यांवर लक्ष ठेवलं गं. आता माझ्यावर कुणी लक्ष ठेवणार, औषधं घेतली का विचारणार. नाही जमायचं मला."

त्या हिवाळ्यात माझ्या ऑफिसने मला काही आठवड्यांसाठी सिडनीला पाठवायचं ठरवलं. हे कळल्यावर काकूंनी त्याच विमानाचं तिकीट काढलं. "जाऊन येते. समोर बसून नाही म्हणते. फोनवर नाही म्हटलं की त्याला वाटतं, आई रुसली."

शुक्रवारी काकू निखिलच्या घरी पोचल्या आणि मी ऑफिसच्या हॉटेलवर. सून अनघा कामानिमित्त मेलबर्नला गेली आहे आणि नात मीरा मैत्रिणीकडे राहायला गेली आहे, असं निखिलने सांगितलं. रविवारी मीराला घेऊन तो परस्पर येणार होता आणि काकूंना मी घेऊन यायचं होतं. भेटायची जागा म्हणजे शहराच्या मधोमध, बंदराच्या धक्क्याला लागून असलेलं एक प्राणिसंग्रहालय. फक्त ऑस्ट्रेलियातले प्राणी, आणि तेही एका इमारतीच्या आत.  स्टेशनवर उतरताना काकू म्हणाल्या, "घर फार नीटनेटकं आहे गं. आठ वर्षांच्या मुलीचं घर वाटत नाही."

बाहेरून ती इमारत एखाद्या मोठ्या दुकानासारखी दिसत होती. दारात निखिल उभा होता आणि त्याच्या मागे अर्धी लपलेली मीरा. आजीला तिने याआधी एकदाच, अगदी लहानपणी पाहिलं होतं. "हॅलो" म्हणून तिने बापाच्या शर्टात तोंड लपवलं. काकूंनी तिला जवळ ओढलं नाही. "मला इथलं काही ठाऊक नाही," त्या म्हणाल्या, "तू दाखवशील का?"

एवढं पुरलं. मीरा पुढे आणि आम्ही मागे. काचेपलीकडे साप, सरडे, हातभर लांबीच्या काटक्यांसारखे किडे. एका मजल्यावर वरून जाळी टाकून आकाश आत घेतलं होतं. तिथे लाल मातीत वॉलबी, म्हणजे कांगारूंची छोटी भावंडं, उन्हाला पाठ करून बसली होती. मग कॅसोवरी आला. माणसाएवढा काळा पक्षी, निळी मान, डोक्यावर शिंगाचा टोप. काकूंनी त्याला नीट न्याहाळलं. "आमच्याकडे एक सर्जन होता, अगदी असाच. टोप घालून पाय आपटत यायचा आणि सगळे भिंतीला चिकटायचे." मीराला हे निम्मंच कळलं, पण ती खुदकन हसली. पिंजऱ्याशी काम करणाऱ्या मुलीने वळून तिला हात केला. "हॅलो मीरा! बॅक अगेन?" निखिल घाईने म्हणाला, "आई, पुढे चल, पुढे छान आहे."

पुढे अंधाराचं दालन होतं. रात्री जागणाऱ्या प्राण्यांसाठी तिथे दिवसरात्रीची अदलाबदल केलेली. लोक यायच्या वेळी काळोख आणि रात्री दिवे, म्हणजे प्राणी तेव्हा झोपतात. निखिलला फोन आला म्हणून तो बाहेरच थांबला. आम्ही तिघी आत गेलो. काकूंना ती कल्पना फार आवडली. "म्हणजे या सगळ्यांना कायमची नाइट ड्यूटी," त्या कुजबुजल्या आणि बाकावर मीराच्या शेजारी बसल्या. मी काचेपाशी उभी होते. मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

"आजी, हळू बोल," मीरा म्हणाली. "बिल्बी लाजतो. ती नंतर येतो." तिच्या मराठीत तो आणि ती एकमेकांच्या जागी सुखाने नांदत होते.

"मी थांबते. मला थांबायची सवय आहे."

थोड्या वेळाने डोळे सरावले. वाळूतून एक लांब नाक बाहेर आलं, मग सशासारखे कान. ससा आणि घूस यांनी संसार थाटला तर पोर जसं होईल, तसा तो प्राणी आमच्या समोरून टुणटुणत गेला. मीराने आजीचा हात घट्ट धरला.

"तुला बरी ठाऊक याची वेळ," काकू म्हणाल्या.

"आम्ही नेहमी येतो. जेव्हा डॅडीचा संडे असते तेव्हा."

"आणि दुसरे संडे?"

"मम्मीचे. मम्मीच्या नवीन घरात. तिकडे पूल आहे." मग ती म्हणाली, "डॅडीला दुसरी जागा माहीत नाही."

मी काचेकडे तोंड करून उभी राहिले.  मग काकूंचा तो खालच्या पट्टीतला, सावकाश आवाज आला, ज्या आवाजात त्या पेशंटशी बोलत असणार. "चांगली जागा शोधली आहे हं तुझ्या डॅडीने. मला आवडली."

कोआला सगळ्यात वर, गच्चीवर होते. झाडांच्या बेचक्यांत करड्या गाठोड्यांसारखे झोपलेले. मीरा कठड्याला लटकून त्यांना हाका मारत होती. मी तिच्याशेजारी होते. मागच्या बाकावर मायलेक बसले होते आणि त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं.

"निखिल, कधीपासून?"

त्याने हातातला फोन खिशात टाकला. 

"वर्ष झालं," तो म्हणाला. "आय वॉज गोइंग टु टेल यू. बाबांचं झालं, मग तू एकटी... मला वाटलं, तू इकडे आलीस की सांगू."

"दर रविवारी बोलतोस माझ्याशी. मला कळलं नाही रे." काकूंचा आवाज पहिल्यांदाच हलला. "फोनवर श्वास दिसत नाही ना."

"आई, आय अ‍ॅम फाइन."

"नाहीस. विमानतळावर पाहिलं तेव्हाच कळलं होतं, फक्त कारण ठाऊक नव्हतं. झोपतोस तरी का?"

निखिलने मान खाली घातली. चाळिशीतला, सहा फुटी माणूस, पण त्या क्षणी तो मीराहून लहान दिसला. काकूंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. खाली बंदरात एक फेरीबोट भोंगा देऊन निघून गेली.

"मी तुला नाही म्हणायला आले होते," काकू म्हणाल्या. "मला वाटलं, तू मला सांभाळायला बोलावतोयस. ते मला नकोच होतं. पण तुला कुणी हवं असेल, तर तसं सांग."

"हवं आहे," निखिल म्हणाला.

"मग येते."

एवढंच. रडारड नाही, अनघाबद्दल वाकडा शब्द नाही. उलट दोन दिवसांनी काकूंनी तिला स्वतः फोन केला आणि तिच्या नव्या घरी जाऊन चहा पिऊन आल्या. "ती माझ्या नातीची आई आहे," त्या मला म्हणाल्या. "घटस्फोट त्यांचा झालाय, माझा नाही."

स्लाऊला परतल्यावर त्यांनी हॉस्पिटलला निवृत्तीचं कळवलं आणि घर विकायला काढलं. मंडळात कुजबुज झाली. या वयात देश सोडायचा, तोही मोडक्या संसारात जाऊन पडायला! एका बाईंनी तर तोंडावर विचारलं. काकू शांतपणे म्हणाल्या, "पेशंट स्थिर नसताना भूलवाल्याने खोली सोडायची नसते." मला मात्र दिसत होतं, हे त्यांना सोपं जात नव्हतं. काकांचे कोट चॅरिटी शॉपमध्ये दान करून आल्या, त्या संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत. अ‍ॅलॉटमेंट सोडायच्या दिवशी सरदारजींना सगळी मेथी खुडून दिली. म्हातारबुवांनी ती घेतली आणि नेहमीसारखं नाव ठेवायचं सोडून नुसतेच उभे राहिले. परतताना काकू सारा रस्ता खिडकीबाहेर बघत होत्या.

हीथ्रोला मी त्यांना सोडायला गेले. मी रडायला लागल्यावर त्यांनी माझे खांदे धरले. "सावकाश. आधी श्वास बाहेर सोड, आत आपोआप येतो." त्यानंतर प्रत्येक मोठ्या मीटिंगच्या आधी, माझ्या मुलाच्या आजारपणात, वडील गेल्याचा फोन आला तेव्हाही, मी आधी श्वास बाहेर सोडला आहे. त्या दिवशी एवढं सांगून काकू वळल्या आणि मागे न बघता सिक्युरिटीच्या रांगेत मिसळून गेल्या.

महिन्याभराने, एका रविवारी सकाळी मीच सिडनीला फोन लावला. तिकडे संध्याकाळ झाली होती. काकू हलक्या आवाजात बोलत होत्या.

"आज डॅडीचा रविवार ना?" मी विचारलं. "कुठे गेला होतात?"

"कुठे नाही गं. मीराने सगळ्या हॉलभर रंग सांडलेत. दुपारी वरणभात खाल्ला, आणि तेव्हापासून बापलेक दोघंही सोफ्यावर गाढ झोपलीयेत. हळू बोल."