सँपल कशाला म्हणायचं

मस्तगडला माझं फोटो छापायचं दुकान आहे. आवाज माझा मोठा, डोकंही लवकर तापतं. मशीनवर सात वर्षांपासून एक ताई बसतात.

मोठा फोटो छापायच्या आधी रंग पाहायला आम्ही नुसत्या चेहऱ्याची पट्टी काढतो. ती आमच्यापुरती. मग गिऱ्हाइकाला दाखवायला लहान, पण पूर्ण फोटो. मी दोन्हीला सँपलच म्हणायचो. ताई कितीदा म्हणाल्या, "भाऊ, दोन नावं ठरवू. तुम्ही काउंटरवरून सँपल म्हणता, कोणतं द्यावं कळत न्हाई."

"बारसं घालायचं का मंग सँपलचं?" मी म्हणायचो, अन् गिऱ्हाइकं हसायची.

एकदा पिंपळगाव रेणुकाईच्या एक बाई आल्या. नवरा नुकताच गेलेला, तेराव्याला फोटो ठेवायचा होता. दुकानात गर्दी. मी ओरडलो, "ताई, यांचं सँपल द्या, जल्दी." ताईंनी लिफाफा दिला. आत तीन पट्ट्या निघाल्या, एक फिकट, एक लालसर, एक काळपट. तिन्हींत दोन्ही कान कापलेले. बाईंनी त्या तळहातावर धरल्या.

"माह्या मालकाला असं कापलं का हो, भाऊ?"

पूर्ण फोटो काढायला मी ताईंना सांगितलंच नव्हतं. हे मला तेव्हाच, तिथंच कळलं होतं. तरी मी भरल्या दुकानात ताईंवर तोंड सोडलं, "अक्कल गहाण ठेवली का तुम्ही?" चोर सोडून संन्याशाला फाशी, अन् चोर मीच. ताई मशीनकडे वळल्या. त्यांनी पूर्ण फोटो काढून दिला, बाईंना तो पसंत पडला.

दुसऱ्या दिवशी मीच कागद घेऊन ताईंजवळ बसलो. आतली ती पट्टी, दाखवायची ती कच्ची प्रत, द्यायची ती पक्की. ताई सांगत गेल्या, मी लिहिलं. पाच मिनिटांचं काम. माफी मात्र मागितली नाही, लाज वाटली. आज त्या लाजेचीच लाज वाटते.

दोन दिवसांनी बाई मोठा फोटो न्यायला आल्या. निघताना ताईंच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "पोरी, ध्यान देऊन काम करत जाय. भाऊ तुह्या भल्यासाठीच बोलतेत."

"हो मावशी," ताई म्हणाल्या.

मी समोरच फोटोला कागद गुंडाळत होतो. तोंडातून ब्र काढला नाही.